रोग रेड्याला, औषध पखालीला

घरातला संगणक मंद चालू लागला, मध्येच हँग होऊ लागला, की आपल्याकडे तीन वाक्ये ठरलेली असतात. "आता म्हातारा झाला तो." "व्हायरस शिरला असणार." आणि "फॉर्मॅट मारून घ्या, म्हणजे झाले!" यांतील पहिले वाक्य बहुतेक वेळा चुकीचे असते, दुसरे पुष्कळदा चुकीचे असते आणि तिसरे तर निदानच नव्हे. ते न तपासता दिलेले औषध आहे. आजारी रेडा बाजूला ठेवून त्याच्या पाठीवरच्या पखालीला औषध पाजणाऱ्या शहाण्याची म्हण आपल्याकडे आहे. संगणकाच्या बाबतीत आपण सर्रास तेच करतो. माझे म्हणणे असे की रडतरखडत चालणारा जुना संगणक ही विज्ञानाच्या विद्यार्थ्याला फुकट मिळालेली प्रयोगशाळा आहे, आणि आपल्या शाळा तिच्याकडे पाठ करून बसल्या आहेत.

प्रथम म्हातारपणाचा विचार करू. बैल म्हातारा होतो, कारण त्याचे स्नायू झिजतात. सायकल कुरकुरते, कारण तिच्या बेअरिंगमधल्या गोळ्या झिजतात. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये हलणारा असा एकही भाग नाही. त्याच्या कामाचा ताल क्वार्ट्झचा एक स्फटिक धरतो. तुमच्या मनगटी घड्याळात असतो त्याच जातीचा. दहा वर्षांचे घड्याळ तासाला पाच मिनिटे मागे पडू लागले, असे तुम्ही कधी पाहिले आहे काय? (सेल संपत आला असेल तर गोष्ट वेगळी.) ज्या प्रोसेसरने २०१३ साली सेकंदाला तीन अब्ज ठोके दिले, तो निरोगी असेल तर आजही तीन अब्जच ठोके देतो. मग संगणक मंद का होतो? एक तर त्याच्यावरचे ओझे वाढले असले पाहिजे, किंवा दुसऱ्या एखाद्या भागाने त्याला अडवून धरले असले पाहिजे. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकदम झालेल्या असतात.

ओझ्याची गोष्ट नवी नाही. पास्कल ही संगणकभाषा निर्माण करणारे स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच तक्रार केली होती की यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होत आहेत, त्याहून अधिक झपाट्याने त्यांवरील प्रणाली बोजड होत आहेत. २०१३ साली चार गिगाबाइट रॅम घरच्या कामाला पुरत असे. आज ब्राउझरमध्ये आठदहा पाने उघडली, त्यात एखादा चित्रपाठ चालू असला, की तेवढी रॅम भरून वाहू लागते. यंत्र तेच आहे. गाडीत पोती दुप्पट झाली आहेत.

आता अडवणाऱ्या भागाकडे वळू. येथे तर्क पुरत नाही, निरीक्षण करावे लागते. आमच्या शेजारी नववीत शिकणारी एक मुलगी आहे. २०२० साली शाळा घरातून भरू लागली तेव्हा तिच्या वडिलांनी जुन्या बाजारातून एक संगणक आणला होता. गेल्या वर्षी तो इतका मंद झाला की सुरू करून ती आंघोळ आटोपून येई, तरी पडद्यावरची चित्रे पुरती उमटलेली नसत. दुकानदाराने यंत्र न उघडता, काही न तपासता दोन पर्याय सांगितले: फॉर्मॅट करा, नाही तर नवा घ्या. नवा घेणे म्हणजे त्या घरच्या चार महिन्यांच्या बचतीवर पाणी. आणि फॉर्मॅट करणे म्हणजे शाळेचा प्रकल्प, पाच वर्षांच्या वह्या आणि आजोबांची छायाचित्रे यांवर पाणी, कारण यांतल्या एकाचीही दुसरी प्रत नव्हती.

आम्ही पहिले काम केले ते प्रती काढण्याचे. महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर सुरक्षित गेल्याशिवाय कोणताही प्रयोग करावयाचा नाही, हा नियम प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटलीवर चिठ्ठी लावण्याइतका सक्तीचा समजा. मग वही काढली. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तीत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क किती टक्के गुंतली आहे ते क्षणाक्षणाला दिसते. डॉक्टरांचा तापमापक तो हाच. यंत्र अगदी रखडलेले असताना आम्ही आकडे टिपले. प्रोसेसर पंधरा टक्क्यांच्या आसपास, रॅम नव्वदीच्या पुढे, आणि डिस्क मात्र सतत शंभर.

या तीन आकड्यांत सारी कहाणी आहे. ज्याला सर्वजण म्हातारा म्हणत होते तो प्रोसेसर चक्क रिकामा बसून होता. तो वाट पाहत होता. रॅम भरली की संगणक तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. ही युक्ती इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील ॲटलस या संगणकात १९६२ साली प्रथम वापरली गेली, आणि ती फार सुंदर आहे. पण तिची एक मर्यादा आहे. रॅम फारच अपुरी पडली तर यंत्राचा सारा वेळ सामानाची नेआण करण्यातच जातो, खरे काम होत नाही.

ही नेआण किती महाग पडते? गणित सोपे आहे, तुम्हीच करून पाहा. घरच्या संगणकातील साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागणार. त्याआधी ते टोक धरणारा हात योग्य वर्तुळावर सरकायला हवा. त्याला आणखी सुमारे ९ मिलिसेकंद धरा. एकूण १३ मिलिसेकंद. रॅममधून तीच गोष्ट उचलायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे डिस्क सव्वा लाखांहून अधिक पटींनी मंद! शेजारच्या टेबलावरची वही उचलायला तुम्हांला एक सेकंद लागत असेल, तर या हिशेबाने तीच वही डिस्कवरून आणायला दीड दिवस लागेल. ज्यात फिरणारी तबकडी नसते त्या एसएसडीला एका वेळेस सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. आपल्या टेबलाच्या मापाने ते सतरा मिनिटे झाली. जुन्या यंत्रात एसएसडी बसवली की ते 'तरुण' झाल्यासारखे का वाटते, याचे उत्तर या दोन भागाकारांत आहे. त्यात जादू काही नाही.

आम्ही मात्र एसएसडीकडे एकदम उडी घेतली नाही. आधी संगणक सुरू होताच आपणहून चालू होणाऱ्या अनावश्यक गोष्टी बंद केल्या आणि घड्याळ लावून सुरू होण्याचा वेळ मोजला. दोन व्हायरसरोधक प्रणाली एकाच वेळी पहारा देत होत्या, एकमेकींवरही; त्यांतली एक काढली व पुन्हा वेळ मोजला. मग जुन्या बाजारात मिळालेली चार गिगाबाइटची आणखी एक रॅमपट्टी लावली व पुन्हा मोजला. एसएसडी शेवटी आली. एका वेळी एकच बदल. एकदम चार बदल केले असते तर यंत्र सुधारलेही असते, पण कशाने सुधारले ते कळले नसते, आणि पुढच्या खेपेला आम्ही पुन्हा दुकानदाराच्याच दारात उभे राहिलो असतो. सारा खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात भागला.

मंद होणे आणि हँग होणे यांत मात्र गल्लत करू नये. पडदा थिजला की कॅप्स लॉकची कळ दाबून पाहा. तिचा दिवा लागत-विझत असेल तर प्रणाली बहुधा जिवंत आहे, कुठे तरी अडकली आहे. पाच मिनिटे थांबा. दिवाही दाद देत नसेल तर प्रकरण गंभीर आहे. आणि मग सर्वांत मोलाचा प्रश्न असतो तो 'का' हा नव्हे, तर 'केव्हा' हा. डॉक्टर विचारतात ना, ताप संध्याकाळी येतो की दिवसभर असतो?

वीस मिनिटे खेळ खेळल्यावर थिजतो आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट चालतो, असे असेल तर उष्णतेचा संशय घ्या. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःचे ठोके स्वतःच कमी करतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद करतात. प्रोसेसरच्या डोक्यावरील धातूच्या पात्यांत धूळ नमद्यासारखी बसते, आणि पाती व प्रोसेसर यांच्यामधला लेप वाळून तडकतो. त्यात आपला उन्हाळा! उष्णता किती वेगाने वाहून जाईल हे दोन तापमानांतील फरकावर ठरते. प्रोसेसर ८५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल तर फरक ६० अंशांचा. तीच खोली मे महिन्यात नागपूरला ४० अंशांवर गेली की फरक उरला ४५. पंखा तोच, पाती तीच, पण उष्णता पाऊणपटच बाहेर पडणार. जानेवारीत शहाण्यासारखा वागणारा संगणक मे महिन्यात का थिजतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

एखादी ठरावीक फाईल उघडतानाच थिजतो? मग डिस्कच्या त्या जागी इजा झालेली असू शकते. डिस्क तेथील मजकूर पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि तोवर बाकी सारे खोळंबते. आधुनिक डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद स्वतःच ठेवते. निकामी ठरवून बदललेल्या जागांचा आकडा तीत असतो व तो वाचून दाखवणाऱ्या मोफत प्रणाली मिळतात. आकडा वाढत असेल, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर प्रयोग थांबवा आणि आधी मजकूर वाचवा.

केव्हाही, काहीही करताना थिजतो, हा प्रकार सर्वांत त्रासाचा. त्यात रॅम, वीजपुरवठ्याची पेटी आणि मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर हे मुख्य संशयित. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून दिवसभर वापरा, दुसऱ्या दिवशी पट्ट्यांची अदलाबदल करा. पट्टी नुसती काढून घट्ट बसवल्यानेही काही वेळा काम होते, कारण आपल्या दमट हवेत स्पर्शबिंदूंवर मळाचा थर साचतो. जुने कारागीर ते सोनेरी बिंदू खोडरबराने हलक्या हाताने पुसतात. पाहणाऱ्याला हसू येते, पण कृती सशास्त्र आहे.

दोष यंत्रात आहे की प्रणालीत, हे ठरवण्याचा एक देखणा प्रयोग आहे. लिनक्ससारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करता येतो. आतील डिस्कला हातही लावावा लागत नाही. त्या अवस्थेत यंत्र तीन तास नीट चालले, तर संशय मूळ प्रणालीवर किंवा आतल्या डिस्कवर सरकतो. तेथेही ते थिजले, तर दोष बहुधा लोखंडात आहे आणि फॉर्मॅट करून काडीचाही उपयोग होणार नाही. जीवशास्त्रात एका कुंडीला खत घालून दुसरी तशीच ठेवतात ना, त्याच जातीचा हा प्रयोग आहे.

ही पद्धत केवळ घरगुती नव्हे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि थोड्याच दिवसांत त्यावरील संगणक पुन्हा पुन्हा आपोआप बंद होऊन सुरू होऊ लागला. तेथे जाऊन बटण दाबणारा कोणी नव्हता. पृथ्वीवरील अभियंत्यांनी यानाच्या जुळ्या संगणकावर तशीच परिस्थिती उभी केली आणि तोच बिघाड पुन्हा घडवून आणला. तेव्हा दिसले की हवामानाची माहिती गोळा करणारे एक कमी महत्त्वाचे काम सामाईक साधन अडवून बसे. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. आणि त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे काम ताटकळत राही. ते वेळेत झाले नाही की पहारेकरी घड्याळ संगणक नव्याने सुरू करी. कारण कळल्यावर दुरुस्ती लहानशी होती. ती रेडिओसंदेशाने पाठवली गेली. बिघाड पुन्हा घडवून आणता आला म्हणजे तो अर्धा सुटला, असे जे जाणते लोक म्हणतात ते याच अर्थाने.

कोणी म्हणेल, "पण फॉर्मॅट केल्यावर संगणक सुधारतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे." खरे आहे, कधी कधी सुधारतो. प्रणाली बिघडली असेल, खरोखरच घातक काही शिरले असेल, आणि इतर उपाय थकले असतील, तर मजकुराच्या प्रती काढून तो मार्ग जरूर घ्यावा. माझा आक्षेप वेगळा आहे. फॉर्मॅट मजकुराबरोबर पुरावाही पुसून टाकतो. रॅम अपुरी असेल तर यंत्र दोन महिने बरे चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा लोक यंत्राला दोष देतात, निदानाला देत नाहीत, कारण निदान झालेलेच नसते. 'रॅम मोकळी करतो', 'वेग तिप्पट करतो' असे सांगणाऱ्या मोफत प्रणालींची गत याहून वाईट. रिकामी रॅम ही रिकाम्या बाकांच्या वर्गासारखी असते. ती शोभेला ठेवून अभ्यास होत नाही. शिवाय या प्रणाली स्वतःच आणखी एक पोते होऊन गाडीत बसतात.

या साऱ्याला मर्यादा आहेत. दोनच गिगाबाइट रॅम घेणारा, सुट्या भागांची वाणवा असलेला संगणक आजच्या कामाला जुंपणे शहाणपणाचे नाही. दुसरी अडचण अधिक बिकट आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ साधारणतः २०१७ च्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रेही बाद ठरत आहेत. हा यंत्राचा आजार नव्हे, तो कंपनीचा निर्णय आहे, आणि सुरक्षेची काही कारणे तिच्याजवळ असली तरी दोन्ही गोष्टी एकाच नावाने ओळखू नयेत. अशा यंत्रावर लिनक्स चालते. आपल्या सी-डॅक या संस्थेने बॉस नावाची लिनक्सप्रणाली मराठीसह भारतीय भाषांसाठी तयार केली आहे, आणि केरळातील सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालींवर शिकवीत आहेत. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो. त्या ढिगात निदान न होताच फेकलेली यंत्रे किती असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

शिक्षकांना माझी सूचना आहे ती एवढीच. संगणकाच्या तासाला मुले कोणते बटण कुठे आहे ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. त्यातले चार तास काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर एक मोडका कॅबिनेट ठेवावा. मुले यंत्र बिघडवतील ही भीती रास्त आहे, म्हणूनच ते आधीच बिघडलेले असावे. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरचा स्थितिक भार घालवायचा. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कोणीही, कधीही उघडायची नाही, कारण प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर ते यंत्र चालू करू नये, दाबू नये, जाणकाराकडे द्यावे. नोंदवहीत लक्षण, केव्हा, अंदाज, केलेला एक बदल आणि परिणाम असे पाच रकाने आखावेत, आणि 'अंदाज' हा रकाना स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी भरलेला असावा. पहिला आठवडाभर झाकण उघडूच नये, नुसते आकडे टिपावेत. काढलेले स्क्रू एका वाटीत, मोजून.